पाठ फिरवून बसवलेला गरुड

मुसेकीवाने मासळीच्या पेटीतून ते गाठोडं उचललं, तारुविंगाच्या कामाच्या टेबलावर आदळलं आणि म्हणाला, "घे. बगळा आहे बहुतेक. शाळेच्या बाईंना शब्द देऊन आलोय, तू भरून, बसवून देतोस म्हणून."

तारुविंगाने वर्तमानपत्र उलगडलं. आधी बर्फाचं पाणी वाहिलं, मग एक फिकट पिवळा पाय बाहेर आला आणि शेवटी एक पांढरंशुभ्र डोकं टेबलाच्या कडेवरून खाली लोंबलं.

बगळा नव्हता. हुंग्वे होता. धरणावरचा मत्स्यगरुड.

आता तारुविंगाचं कुळच हुंग्वेचं. धरणाकाठच्या न्यामांदे गावात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळे 'शिरी' म्हणतात. शिरी म्हणजे पक्षी, हा त्या कुळाचा मान. माणूस आपल्या कुळाच्या प्राण्याला मारत नाही, खात नाही, आणि तो मेलेला सापडला तर त्याला हात लावत नाही. तो घरातला आजोबा. थोडक्यात, मुसेकीवाने मित्राच्या टेबलावर त्याच्या आजोबांचं प्रेत मासळीच्या पेटीतून आणून टाकलं होतं आणि वर त्याला बगळा म्हणाला होता.

तारुविंगा भिंतीपर्यंत मागे सरला. दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले, जणू टेबलावर निखारे सांडलेत.

"मुकान्या," तो हळू आवाजात म्हणाला, "हे काय आणलंस?"

मुसेकीवाचं कुळ माकडाचं, म्हणून तो मुकान्या. माकडाचे सगळे गुण त्याच्यात उतरलेत असं त्याची बायकोही म्हणते, पण त्या क्षणी त्याला एकही उडी सुचेना.

"गुंडाळलेला होता रे! मी काय चोच मोजत बसू? बर्फ वितळत होता, बाईंनी फाटकात गाडी अडवली. म्हणाल्या, पक्षी आहे, विजेच्या तारेवर बसला आणि गेला, वनखात्याचा शिक्का घेतलाय, तारुविंगांना द्या. मी म्हटलं, द्या, झालाच समजा."

"झालाच समजा?"

"असंच म्हटलं खरं."

इथे खरी गोची होती. मुसेकीवा हा नुसता दोस्त असता तर तारुविंगाने त्याला गाठोड्यासकट हाकलून दिलं असतं. पण तो साह्विरा होता. साह्विरा म्हणजे घराण्याने घराण्याला जोडून घेतलेला मित्र. बापाकडून मुलाकडे येतो, नाकारता येत नाही. त्याला सगळं माफ. तो तुमच्या बापाच्या टोपीला पातेलं म्हणेल, भर लग्नात नवरदेवाच्या नाकावर बोलेल, आणि तुम्ही हसायचं. त्याने तुमच्या घराच्या वतीने शब्द दिला तर तो घराचा शब्द. त्याच्या बदल्यात तुमच्या घरी कुणी गेलं की प्रेताला आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, खड्डा खणायचा आणि रडणाऱ्यांना हसवायचं, हे सगळं त्याने करायचं. कारण जे रडतायत त्यांचे हात कापतात.

तारुविंगाचे हात मात्र आजवर कशानेच कापले नव्हते, आणि ते अख्ख्या धरणाला ठाऊक होतं.

मुसेकीवा नेहमी म्हणायचा की शिरीचं सगळं आयुष्य चिकटपणात गेलं. लहानपणी दोघं रानअंजिराचा चीक काढायचे, तो कढवून काटक्यांना फासायचे आणि पाण्याकाठच्या झुडपांत खोचून ठेवायचे. चिमुकले पक्षी येऊन बसायचे आणि बसलेलेच राहायचे. मग वाटणी. मांस मुसेकीवाला, कातडं तारुविंगाला. बाकीची पोरं याला खुळा समजायची. हा मात्र ते ओलं कातडं पिसांसकट अख्खं सोलून काढायचा, आत राख आणि गवत भरायचा आणि दगडावर बसवून बघायचा. पक्षी कधी बटाट्यासारखा दिसायचा, कधी उशीसारखा. पक्ष्यासारखा कधीच नाही. तारुविंगा तो फोडून परत भरायचा. तोवर मुसेकीवाचं जेवण झालेलं असायचं.

मोठा झाल्यावर तारुविंगा बुलावायो शहरात गेला. शिकाऱ्यांना त्यांनी मारलेल्या प्राण्यांची मुंडकी भरून देणाऱ्या एका कारखान्यात लागला. तिथे म्हशी, कुडू हरणं, सिंह यांचा मान मोठा. पक्षी कुणालाच नको असायचे, कारण पक्ष्याचं कातडं ओल्या कागदासारखं, आणि कारागिरांची बोटं कुडूच्या मानेत मुरलेली. पक्षी तारुविंगाकडे आले. मुकादम होता म्हातारा सिबांदा. तो सांगायचा, "कातडं म्हणजे कोट नव्हे रे. कोट माणूस चढवतो. इथे कोटाने आपला माणूस शोधायचा असतो. प्रत्येक पिसाला आपली जागा माहीत असते. तू फक्त मध्ये येऊ नकोस." कारखान्यात कधी हुंग्वे आलाच तर सिबांदा न बोलता तो दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचा. त्याचं स्वतःचं कुळ सिंहाचं. सिंह आले की तोही चहा प्यायला बाहेर जायचा.

पुढे दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या ती वर्षं आली. बाहेरून येणारा गोंद बंद झाला. कारखान्यातले लोक हात चोळत बसले आणि तारुविंगाने घरी चूल पेटवली. कातड्याच्या कातरणांचा सरस काढला, त्यात मक्याच्या पिठाची खळ घातली, कीड लागू नये म्हणून टाकणखार आणि लवकर सुकू नये म्हणून बोटभर मध.

त्याची बायको, माई रुम्बी, म्हणजे रुम्बीची आई, तेव्हाची गोष्ट अजून चवीने सांगते. "घरात साद्झा शिजवायला पीठ नाही, आणि हा बाबा पीठ पक्ष्यांच्या पाठीला चोपडतोय! मी विचारलं, किती घेतलंस? म्हणे, मूठभर. मी म्हटलं, ती मूठ म्हणजे तुझं जेवण. जा, चाट आता घुबडाला."

पण ती खळ बाहेरच्या सगळ्या डब्यांना भारी ठरली. तिचं वैशिष्ट्य एकच: ती घाई करत नाही. कातडं चढवल्यावर बराच वेळ ते खळीवर सरकतं; चूक दिसली तर हलवता येतं. आणि मग एकदा का तिने धरलं, की सोडण्याचं नाव नाही. तारुविंगाने तिचं नाव 'तेते' ठेवलं. तेते म्हणजे आत्या. त्याची आत्या, तेते फिल्डा, अगदी तशीच होती. विचार करायला हवा तेवढा वेळ घेणार आणि ठरलं की हलणार नाही. हे नाव अर्थात तिला माहीत नव्हतं.

कारखाना बंद पडल्यावर तो न्यामांदेला परत आला. तारेला धडकलेले, जाळ्यात गुदमरलेले, गाडीखाली आलेले धरणाचे पक्षी लोक त्याच्याकडे आणू लागले. शाळेने एक खोली दिली. खंड्या, पाणकावळा, कमळपक्षी, राखी बगळा, सगळे एकामागून एक तिथे आले. ज्या खोलीत आधी मोडके बाक ठेवायचे तिथे आता लोक चपला काढून जातात. तसं कुणी सांगितलेलं नाही. खंड्या असा बसलाय की समोरच्या माणसाला वाटावं आपल्या मागे पाणी आहे.

खोलीच्या मधोमध एक वाळलेलं झाड उभं होतं. त्याची सगळ्यात वरची फांदी रिकामी. तिथे कोण, असं कुणी विचारलं की तारुविंगा म्हणायचा, "घरमालक बाहेर गेलेत."

जुन्या मुख्याध्यापकांना हे कळायचं. नव्या आलेल्या माई गुम्बो पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, कामाच्या झपाट्याच्या. त्यांना रिकामी फांदी म्हणजे राहून गेलेलं काम वाटलं. सत्राच्या शेवटी मुखिया स्वतः खोली बघायला येणार होते. बाईंनी हमरस्त्यावर फाटकांवरचे सिंह ओतणाऱ्या माणसाला सिमेंटचा हुंग्वे करायला सांगितला. तो आला. त्याची चोच पिवळ्या रंगाने अशी माखली होती की पोरांनी त्याला पहिल्याच दिवशी दाणे टाकले. त्यामुळे खरा हुंग्वे तारेवरून पडला तेव्हा बाईंना हळहळ वाटली आणि जरा हायसंही वाटलं.

आणि आता तो टेबलावर होता, बर्फाचं पाणी गाळत.

"पुरूया," तारुविंगा म्हणाला. "तू खड्डा खण. बाईंना मी सांगतो."

"मग फांदीवर सिमेंटची कोंबडी बसेल."

"बसू दे."

"शिरी, तिच्याखालून तुझं अख्खं कुळ टोपी काढून जाणार?"

 तेवढ्यात काठी टेकत तेते फिल्डा दारात आली. केस पांढरे, पाठ वाकलेली आणि दहाही नखं लालभडक रंगवलेली. या रंगावर बोलायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. तिने टेबलाकडे एकदा बघितलं आणि तिथूनच मान दुसरीकडे वळवली.

"कोण गेलंय?"

"हुंग्वे, तेते."

"म्हणजे घरातलंच." ती स्टुलावर बसली. मग काठीचं टोक जमिनीवर फिरवत विचार करत राहिली. शेवटी म्हणाली, "घरातलं कुणी गेलं की आंघोळ कोण घालतं?"

सगळ्यांनी मुसेकीवाकडे बघितलं.

"मला मासळी पोचवायचीय," मुसेकीवा म्हणाला.

"बस खाली."

"अहो तेते, आंघोळ घालीन, खड्डा खणीन. पण याला फांदीवर बसवायचंय! मला मासा सोलता येतो, बस्स. मी गरुडाला हात लावला तर त्याचं काय होईल?"

"माझ्या बापाला शेवटचा कोट तुझ्याच बापाने चढवला. बटणं एक घर चुकवून लावली होती. तसेच गेले बाबा, वाकडे. काही बिघडलं नाही." तिने काठी उचलून दाराकडे दाखवली. "शिरी दारात बसेल, पाठ करून. आंघोळीच्या वेळी घरची माणसं बसतात तशी. त्याच्या तोंडाला बंदी नाही. तो सांगेल, तू कर. शब्द तूच दिलास ना?"

ठरलं. तेते हलणार नव्हती.

तारुविंगाने उंबऱ्यावर खुर्ची ठेवली, अंगणाकडे तोंड करून. बसताना तो एवढंच म्हणाला, "मुकान्या, याचं कातडं पोटापाशी कांद्याच्या पापुद्र्याएवढं आहे. एकदा फाटलं, किंवा कुजून पिसं सुटली, की दुसरा हुंग्वे नाही. आणि वाईट झाला तर पुरण्यापेक्षा वाईट. फांदीवर बसेल, आणि पोरांची पोरं त्याला हसतील."

मुसेकीवाने शर्टाच्या बाह्या वर केल्या. मुकाट्याने सुरी उचलली.

पण साह्विऱ्याने मुकाट्याने काम करायचं नसतं. मेलेल्याशी बोलायचं असतं. कापताना, सोलताना तो बोलू लागला, आणि बोलता बोलता हात सैल झाले.

"या आजोबा, या. आयुष्यभर माझ्या पेट्यांतले मासे पळवलेत. मुखियाच्या घरचा तो मोठा मासा आठवतो? बोलणी मी खाल्ली. आता कसे गप्प पडलात!"

"छातीच्या हाडावरून पिसं बाजूला सार," बाहेरून आवाज आला. "मधे पट्टा दिसेल, पिसं नसलेला."

"दिसला. आजोबांना छातीवर टक्कल आहे, शिरी! घराण्याचंच दिसतंय."

"तिथून काप. फक्त कातडं. सुरी कमी, बोटं जास्त. ओढू नकोस, मांसाला कातड्यापासून दूर ढकल."

अंगणात माई रुम्बी आणि शेजारणी हसू दाबत होत्या. तारुविंगाच्या चेहऱ्यावरची एकही रेष हलत नव्हती. नियमाने तोही हसायला हवा होता, पण त्याचं सगळं लक्ष कानांत होतं. सुरी हाडाला घासली की तो म्हणायचा, "खोल गेलास." घासली नाही की म्हणायचा, "थांबलास का?"

चरबी खरवडून झाली, थंड पाण्यात साबण घालून धुणं झालं, पांढरं डोकं पुन्हा पुन्हा. मग मक्याच्या पिठात घोळवून, झटकून, पुन्हा घोळवून पिसं कोरडी करणं. माई रुम्बीने पिठाचा डबा दिला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की जुनी सगळी वर्षं त्या नजरेत आली. कातड्याच्या आतल्या बाजूला टाकणखार चोळून झाला तेव्हा हुंग्वे म्हणजे एक रिकामा, मऊ, ओलसर हातमोजा होता. मुसेकीवाला ते बघवेना.

आतलं अंग मात्र तारुविंगाने स्वतः केलं. त्याला बंदी नव्हती. ते लाकडाच्या रंध्याच्या सुरळ्यांचं आणि दोऱ्याचं होतं. मुसेकीवाने सुतळीने मापं घेऊन ओरडून सांगितली आणि तारुविंगाने मांडीवर सुरळ्या दाबत दोरा गुंडाळायला सुरुवात केली. समोर लांबवर धरण चकाकत होतं. या पक्ष्याला त्याने आयुष्यभर लांबूनच बघितलं होतं: फांदीवर कसा बसतो, छाती कुठे पुढे येते, मासा धरायला झेपावण्याआधी खांदे कसे उचलतो. हाताने कधी न केलेली ती एकच गोष्ट त्याच्या डोळ्यांना सगळ्यात जास्त पाठ होती. त्याने ते अंग खांद्यावरून मागे दिलं तेव्हा मुसेकीवाला वाटलं, यावर कातडं चढवलं नाही तरी हा उडेल.

तारा आरपार गेल्या. पायातून, पंखांतून, मानेतून. मग तारुविंगाने चुलीवरून खळ उतरवली.

"बोटं बुडव. चिमटीत धर आणि उघड. तार निघते?"

"निघते."

"मग थांब. गरम आहे. तार निघायला नको, खळ बोटांत नुसती कुरकुरली पाहिजे." थोड्या वेळाने, "आता?"

"कुरकुरली."

"पातळ लाव. सगळीकडे. पाणी जास्त झालं तर कातडं फुगतं आणि पिसं गळतात. आता चढव. खांद्यापासून."

"पोट समोर आहे माझ्या."

"म्हणूनच. डोळ्यासमोर असतं ते शेवटी करायचं. पंखाच्या मुळाशी जी लांब पिसं आहेत, ती आधी वर सरकव, पाठीवर. ती बसली की बाकीचं कातडं त्यांच्यामागे येतं."

मुसेकीवाने सरकवलं. सुरुवातीला कातडं त्याच्याशी भांडत होतं. मग एकदम, हातमोज्यात अंगठ्याला अंगठ्याची जागा सापडावी तसं, खांद्यावर जाऊन बसलं. तो दचकला.

"गेलं! आपोआप गेलं!"

"अंगठ्याखाली काय होतंय?"

"सरकतंय. साबणाच्या वडीसारखं."

"चांगलं. आता मान."

मानेत मुसेकीवाला जोर चढला. सगळं छान चाललंय असं वाटलं की त्याचे हात नेहमीच पुढे धावतात.

"मान झाली," तो म्हणाला. "मस्त लांब झालीय."

बाहेरची खुर्ची करकरली. "लांब? किती लांब?"

"बदकाला लाज वाटेल एवढी."

"ओढलंस तू."

"थोडंसं."

"पिसं कशी आहेत? निजलेली की उभी?"

"उभी. भांडायला निघाल्यासारखी."

"तिथे पिसाला जागा सापडत नाहीये." तारुविंगाचा आवाज चढला नाही, पण त्याने स्वतःचेच दोन्ही तळवे हवेत एकमेकांसमोर धरले, जणू मान त्यांच्यामध्ये होती. "दोन्ही हात गळ्याला लाव. हलके. आता खाली ओढू नकोस, आत जमव. गरुडाला मान असते कुठे? डोकं खांद्यांत बसलेलं असतं, मुखियाचं असतं तसं. जमव, जमव."

मुसेकीवाने डोळे मिटले आणि जमवलं. खळीवर कातडं हळूच मागे आलं.

"येतंय! शिरी, अजून येतंय!"

"येणारच. तेते आहे ती. चुकलेल्याला वेळ देते."

"काय म्हणालास?" अंगणातून तेते फिल्डाचा आवाज आला.

"काही नाही तेते. खळीबद्दल."

"माझं नाव घेतलंस."

"चांगलंच घेतलं."

मग छातीवरची दोन्ही बाजूंची पिसं मधल्या टकलावर एकमेकांना भेटेपर्यंत कातडं जुळवलं, शिवलं. तारुविंगाने फुंकर घालायला लावली. फुंकरीने उठलेलं पीस आपोआप खाली निजलं तर कातडं जागेवर. उभंच राहिलं तर तिथे चूक. मुसेकीवा अख्ख्या गरुडावर फुंकत फिरला. जिथे पीस उभं राहिलं तिथे बोटाच्या टोकाने कातडं इकडचं तिकडे केलं. शेवटी टाचण्या खोचल्या, पंख आणि शेपूट पुठ्ठ्याच्या पट्ट्यांत धरले, आणि सगळ्या अंगावरून मऊ दोरा सैलसर गुंडाळला.

राहिले डोळे. गडद तपकिरी काच मातीत दाबून बसवली. "पापणीला तेते चालणार नाही," तारुविंगा म्हणाला. "तिथलं कातडं वाळताना मागे पळतं आणि पक्षी घाबरलेला दिसतो. तुझ्या गाडीतला तो आरशाला लावतोस तो नळीतला गोंद आण. सुईच्या टोकाएवढा. त्याहून जास्त नाही."

मुसेकीवाच्या सुईचं टोक जरा जाडच होतं. त्याने पापणी बोटाने दाबली, धरली, आणि सोडायला गेला.

"शिरी."

"हं?"

"आजोबांनी मला धरून ठेवलंय."

अंगणात कुणी हसलं नाही. खुर्ची सरकली. दारातली सावली उभी राहिली आणि अर्धी वळली. मुसेकीवाला तारुविंगाच्या खांद्याची कड दिसली, हात पुढे आलेला दिसला. तो हात हे काम डोळे मिटून क्षणात करू शकला असता. आणि त्यानंतर, हुंग्वे कितीही सुंदर झाला असता तरी, तारुविंगा त्या खोलीत कधी मान वर करून उभा राहिला नसता. मुसेकीवाला हे जेवढं माहीत होतं तेवढं कुणालाच नव्हतं.

"फिरू नकोस!" तो ओरडला. आयुष्यात तो तारुविंगाशी एकदाही थट्टेशिवाय बोलला नव्हता. हे पहिलं वाक्य. "बस खाली, शिरी. माझं काम आहे हे. तू नुसतं सांग."

सावली तशीच राहिली. मग हळूहळू खाली बसली.

"ओढू नकोस," तारुविंगा म्हणाला.  "श्वास सोड. वरची पापणी की खालची?"

"वरची."

"रुम्बीची आई! तेतेकडून नखांचा रंग पुसायचं पाणी आण."

"माझ्याकडे असलं काही नसतं," तेते म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा त्या दहा लाल नखांवर गेल्या. 

"निळ्या पिशवीत," तेते म्हणाली.

एका पिसाच्या टोकाने ते पाणी थेंबाथेंबाने बोटाच्या कडेला सोडलं. तारुविंगा बाहेरून सांगत राहिला, थांब, अजून एक, थांब, आणि कधीतरी बोट सुटलं. पापणीही सुटली, अर्धी खाली आली आणि तिथेच टेकली.

"डोळा अर्धा मिटलाय," मुसेकीवा हळूच म्हणाला. "परत लावू?"

बाहेर खुर्ची हलली आणि थांबली.

"नको. परत हात लावलास तर फाटेल. राहू दे."

'राहू दे' हे दोन शब्द तारुविंगाच्या तोंडून मुसेकीवाने कधी ऐकले नव्हते. लहानपणी दगडावरच्या त्या बटाट्यांसाठीसुद्धा नाही.

हुंग्वे चादरीखाली वाळला. पाय आणि चोचीचं मूळ रंगवायला मुसेकीवा मासळी पोचवून येताना थांबायचा, आणि दारातून आवाज यायचा, "लोण्याचा पिवळा. केळ्याचा नाही." मुखिया यायच्या आधी तेतेने हट्ट धरला की घरच्यांनी आधी बघायचं. माई गुम्बोंनी खोली उघडून दिली आणि त्या स्वतः बाहेर थांबल्या, हे त्यांनी चांगलं केलं. सिमेंटचा हुंग्वे त्यांनी आधीच भाजीच्या वाफ्यात नेऊन उभा केला होता.

तारुविंगा सगळ्यात शेवटी आत आला. टोपी काढून. सगळं कुळ वरच्या फांदीकडे न बघता त्याच्याकडेच बघत होतं. मुसेकीवाने तोंड उघडलं, "मान आता ठीक आहे, बदकाची नाही, आणि डोळ्याचं म्हणशील तर," आणि तेतेने काठी त्याच्या पायावर ठेवली.

फांदीवर हुंग्वे बसला होता. छाती पुढे, डोकं खांद्यांत, वरची पापणी अर्धी खाली. खालच्या माणसांकडे तो काहीशा संशयाने बघत होता.

"बाबा," तेते म्हणाली. मग तिला हसू फुटलं. "कुणी उसनं मागायला आलं की बाबा असेच बघायचे. हुबेहूब!"

कुळ हसलं. तारुविंगा हसला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि मोठ्या माणसासमोर वाजवतात तशी तळव्यांची मंद टाळी वाजवून त्याने नमस्कार घातला, पुन्हा पुन्हा. बाकीचेही बसले. मुसेकीवा एकटा उभा होता. त्याचं कुळ माकडाचं; त्याला बसायची गरज नव्हती. पण त्याने दोन्ही हात असे धरले होते, जणू ते कुठे ठेवावेत तेच त्याला कळत नव्हतं.

मग तारुविंगा उठला, झाडाजवळ गेला आणि हात पाठीमागे बांधून खालून वरपर्यंत बघत राहिला. खांद्यावरची लांब पिसं, छातीवरचा जोड, गळा. कुठेच कातडं ओढलेलं नव्हतं.

"डाव्या खांद्यावर एक पीस उलटं बसलंय," तो म्हणाला.

"मग कर ना नीट! हात कुणी धरलाय?"

तारुविंगाने त्या पिसाकडे पुन्हा एकदा बघितलं. "धरणावर वारा असतो," तो म्हणाला. "उलटलं असेल."

मुसेकीवाला एवढं पुरलं. त्या दिवसापासून तो मासळी विकताना गिऱ्हाइकांना त्या पिसाची गोष्ट सांगतो, आणि न्यामांदेत आलेला प्रत्येक पाहुणा शाळेत जाऊन आधी डावा खांदाच बघतो.

परतताना दोघं तारुविंगाच्या अंगणापाशी आले. साह्विऱ्याने प्रेताला आंघोळ घातली की त्याला कोंबडी द्यायची असते. लाल कोंबडी पायरीखालीच पंख फुगवून बसली होती.

"तर," मुसेकीवा म्हणाला, "माझी कोंबडी. आणि माझ्या बापाचीही. तुझ्या आजोबांच्या कोटाची अजून आलेली नाही."

"बटणं वाकडी लावली होती त्याने."

"कोंबडी सरळ बटणांची नसते, शिरी. कोट चढवल्याची असते."

"बघतोस ना, अंड्यांवर बसलीय ती."

"गेल्या खेपेलाही अंड्यांवरच होती."

"तीच अंडी आहेत," तारुविंगा म्हणाला आणि हात धुवायला आत गेला.